तो दारू सोडतो, त्यानंतरची कथा

चि. कथालेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दीर्घकथा सावकाश वाचली. नवऱ्यांच्या दारूने गांजलेल्या काही बायका दर शनिवारी दुपारी व्यसनमुक्ती केंद्राच्या एका खोलीत जमतात, एवढ्याच भांडवलावर तू ती उभी केली आहेस, आणि बराच वेळ ती चांगली चालते. मात्र शेवटी नायिकेचा नवरा अंगणात बाटली फोडतो, ती रडते आणि गटातल्या सगळ्या जणी टाळ्या वाजवतात. तोवर त्या बायकांची असलेली कथा तिथे एकाएकी त्याची होते. म्हणून एकच गोष्ट आग्रहाने सांगते: ‘तो दारू सोडेल का?’ हा प्रश्न कथेच्या मध्यभागी ठेवू नकोस. त्याचे उत्तर कथेत यावे, न यावे, मधेच कुठेतरी एका वाक्यात येऊन जावे. पण कथेचा तोल त्यावर नसावा.

अशा गटांचा इतिहासही हेच सांगतो. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेची सुरुवात 1935 साली अमेरिकेत झाली आणि मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी असलेली अल-ॲनॉन ही संघटना 1951 साली उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी लोइस विल्सन यांनी सांगितलेला प्रसंग असा, की नवऱ्याची दारू सुटलेली असताना एके दिवशी तो म्हणाला, बैठकीला उशीर होतो आहे, जरा घाई कर. आणि लोइसबाईंनी हातातला बूट त्याच्या अंगावर फेकला. तो पीत होता त्या वर्षांत त्याला सावरणे हेच त्यांचे काम होते. जे त्यांना इतक्या वर्षांत साधले नाही ते बाहेरच्या माणसांनी साधले, आणि त्यांना स्वतःला काही कामच उरले नाही. हा राग तुझ्या कथेत कुठेही नाही. तुझ्या सगळ्या बायका नवऱ्याच्या पिण्यावर रागावतात, त्याच्या न पिण्यावर एकही जण रागावत नाही.

अमेरिकेतल्याच जोन जॅक्सन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1954 साली अशा पत्नींच्या गटातील निरीक्षणांवरून मद्यपीच्या कुटुंबाच्या वाटचालीचे सात टप्पे मांडले. बायकोच्याच स्वभावात काही विकृती असते म्हणून ती असा नवरा निवडते, हा तेव्हाच्या अनेक मानसोपचारकांचा समज होता. तिचे वागणे हे संकटाशी जुळवून घेण्याचे वागणे असते, असे जॅक्सन यांनी दाखवले. लेखिका म्हणून तुला त्यांचा सातवा टप्पा उपयोगी पडेल. त्यात दारू सुटलेला नवरा घरातली आपली जुनी जागा परत मागतो आणि ती जागा तोवर बायकोने भरलेली असते. एटीएम कार्ड तिच्याकडे, घरभाड्याचा व्यवहार तिच्याकडे. शाळेच्या सहलीच्या कागदावर सही घ्यायला मुलगा बापाला ओलांडून आईकडे येतो, बाप समोरच पेपर वाचत बसलेला असतो, आणि ती सही करावी की कागद नवऱ्याकडे सरकवावा, हे बाईला चटकन ठरवता येत नाही. असा एक प्रसंग नीट लिहिलास, तर बाटली फोडण्याची गरज उरणार नाही.

आपल्याकडे ही चूक सहज होते, कारण मराठी मनात दारुड्याची बायको म्हटले की ‘एकच प्याला’तली सिंधू उभी राहते. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातली ती दळण दळते, मार खाते, मूल गमावते आणि मरतानाही सुधाकराच्याच काळजीत असते. गडकऱ्यांच्या ताकदीबद्दल शंका नाही; पण शंभर वर्षांनंतरही आपण तिलाच नव्या साडीत उभी करत असू, तर ते आपले आळशीपण आहे. तुझी नायिका मंगळसूत्र गहाण टाकते तिथे मला सिंधूच दिसली. तुझ्याच कथेतली धुणीभांडी करणारी बाई मात्र बचत गटाचा हप्ता चुकू नये म्हणून नवऱ्याच्या ठेकेदाराला परस्पर गाठते आणि याला उचल देऊ नका म्हणून त्याच्याशी भांडते. ती जिवंत आहे, आणि तिला तू दीड पानात उरकले आहेस.

आता खोलीतल्या बोलण्याविषयी. तुझ्या बैठकीत एक बाई बोलते, दुसरी तिला तोडते, तिसरी सल्ला देते, आणि पाहता पाहता दूरदर्शनवरची चर्चा सुरू होते. अल-ॲनॉनच्या धर्तीवरच्या बैठकीत असे होत नाही. तिथे एक जण बोलत असताना बाकीच्या ऐकतात, कोणी कोणाला उत्तर देत नाही, सल्ला द्यायचा नसतो आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नसते. समुपदेशक चालवतात त्या गटांची रीत थोडी वेगळी असते, तिथे प्रश्न विचारले जातात, समजावलेही जाते. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, आणि तिथेही पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. तुझा गट यांपैकी कोणत्या रीतीचा, हे आधी ठरव. उत्तर न देण्याची रीत निवडलीस तर संवाद हे हुकमी साधन हातातून जाईल, आणि ते गेलेले बरे. बँकेतल्या अधिकाऱ्याची बायको बोलत असताना धुणीभांडी करणारी खाली पाहते, आणि तिची पाळी आली की अगदी निराळ्याच विषयावर बोलते. पण ते बोलणे पहिलीला दिलेले उत्तर आहे, हे वाचकाला कळते. नव्याने आलेली बाई पहिल्या काही बैठकांत फक्त नवऱ्याचीच हकिगत सांगते, काल किती प्याला, कुठे पडला, कोणी आणून सोडला. आपल्याला झोप लागत नाही, हे तिच्या तोंडून कधी निघते, याकडे कान ठेव.

तपशिलाच्या दोन चुका मात्र गंभीर आहेत. तुझी नायिका नवऱ्याला तीन दिवस खोलीत कोंडते आणि तो बरा होऊन बाहेर येतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की काही तासांत हात थरथरू लागतात, फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, भ्रम, तीव्र ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. म्हणून ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली जावे लागतात. दुसरी चूक चहात गुपचूप गोळी घालण्याची. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती तू भिंतींवर पाहिल्याच असतील. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. नकळत दिले आणि तो वर प्याला, तर उलट्या होऊन, छाती धडधडून, रक्तदाब उतरून जीव जाऊ शकतो. बायका हे करतात, तेव्हा कथेतही येऊ दे. पण त्याला चातुर्य म्हणून मिरवू नकोस.

वटपौर्णिमेचा प्रसंग काढून टाक. हा विषय हाती घेणारा प्रत्येक जण तो लिहितो. त्यापेक्षा या बायकांच्या डोक्यातले वेगळे कॅलेंडर लिही: पगाराची तारीख, गटारी, भावकीतल्या लग्नाची वरात, एकतीस डिसेंबर, आणि ड्राय डेच्या आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेल्या क्वार्टर.

एक जागा फार जपून लिहावी लागेल. नवऱ्याच्या पिण्यापासून मनाने अलग व्हायचे, कामावर त्याच्या वतीने खोटे फोन करायचे नाहीत, त्याची उधारी फेडायची नाही, असे गटात सांगितले जाते. तुझ्या कथेत त्याचा अर्थ मार सोसून शांत राहणे असा झाला आहे, आणि ते धोक्याचे आहे. मारहाण होत असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला संरक्षणाचा आणि त्याच घरात राहण्याचा हक्क दिला आहे. हे गटातल्या एखाद्या जुन्या बाईला ठाऊक असायला हवे. बैठक संपल्यावर, चपला घालताना, ती हे दुसरीच्या कानात सांगू शकते; सल्ला न देण्याचा नियम तिने मोडला, तर तो कथेतला खरा नाट्यपूर्ण क्षण ठरेल.

तू लिहितेस की एका गटाच्या परवानगीने काही दिवस मागे बसून तू हे सगळे ऐकलेस. ती परवानगी बसण्याची होती. कोणाचीही हकिगत जशीच्या तशी उचलली असशील, तर गाव, धंदा, मुलांची संख्या बदलून भागणार नाही, कारण नवऱ्याच्या तोंडच्या एका वाक्यावरूनही ती बाई घरी ओळखली जाईल, आणि त्याची किंमत तिला मोजावी लागेल. तेवढा भाग काढून नव्याने रच.

पुढचा खर्डा ठेकेदाराशी भांडणाऱ्या बाईपासून सुरू करून पाठव. नायिकेचे काय करायचे ते नंतर बघू.

तुझी,
ताई