लुईस आम्ल आणि लुईस बेस चटकन ओळखायचे कसे? बारावीला आहे, यादी पाठच होत नाही.

यादी पाठ करूच नका. इलेक्ट्रॉनची जोडी कोण घेतंय आणि कोण देतंय ते बघा. घेणारा आम्ल, देणारा बेस. गिल्बर्ट लुईस यांनी १९२३ मध्ये मांडलेली ही व्याख्या हायड्रोजनवर अडून बसत नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये औषधालाही हायड्रोजन नाही, तरी ते पक्कं आम्ल आहे, कारण बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात आणि एक ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनची जोडी मावेल अशी जागा) रिकामी राहते. अमोनियातल्या नायट्रोजनची लोन पेअर, म्हणजे बंधात न अडकलेली जोडी, तिथेच जाते.

एवढं सांगून थांबलो असतो, पण ‘सूत्रातले हायड्रोजन मोजा’ असं शिकवणारे आजही भेटतात आणि माझं डोकं फिरतं. मी बारावीत असताना क्लासच्या चाचणीत बोरिक आम्लाची बेसिकता, म्हणजे एका रेणूमागे किती प्रोटॉन (हायड्रोजन आयन) सुटतात ते, विचारली होती. हो, कॅरमवर टाकतात तीच बोरिक पावडर. मी ‘एक’ लिहिलं. सरांनी काट मारली. म्हणाले, सूत्रात तीन ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट) दिसतात ना, मग तीनच. मी उभा राहून सांगितलं की सर, ते स्वतःचा प्रोटॉन सोडतच नाही. बोरॉन पाण्याच्या ऑक्सिजनकडून जोडी घेतो आणि प्रोटॉन सुटतो तो त्या पाण्याचा. बोरॉनला चौथा ओएच मिळाला की त्याचं अष्टक (भोवती आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण, पुढे काही घ्यायला जागाच नाही. ‘जास्त शहाणपणा नको’ म्हणून मला खाली बसवलं. गुण गेले ते गेलेच.

पुढे बीएस्सीला प्रॅक्टिकलमध्ये हेच टायट्रेशन आलं, म्हणजे आम्लात थेंबथेंब सोडियम हायड्रॉक्साइड सोडून किती लागतं ते मोजायचं. नुसतं बोरिक आम्ल घेतलं तर फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचा गुलाबीपणा लवकरच, हळूहळू चढत जातो. एंड पॉइंट (आम्ल संपल्याची खूण) कुठे धरायचा तेच कळत नाही, इतकं ते दुर्बळ. मग फ्लास्कमध्ये ग्लिसरीन घालायचं. रंग पार उडतो! ग्लिसरीनचे ओएच बोरेटला (बोरिक आम्लापासून झालेल्या आयनाला) धरून ठेवतात, समतोल पुढे सरकतो आणि आम्ल जोमाने वागू लागतं. ब्युरेट पुन्हा सोडली की शेवटी एका थेंबाला स्वच्छ गुलाबी. ०.१ मोलर बोरिक आम्ल १० मिली घेतलं, तर तेवढ्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइडही १० मिलीच लागतं. सरांचं खरं असतं तर ३० लागलं असतं.

आता तुमच्या कामाचं. रिकामी ऑर्बिटल उघड दिसली नाही म्हणून आम्ल नाही, असं धरू नका. कार्बन डायऑक्साइडचं अष्टक पूर्ण असतं, तरी हायड्रॉक्साइड आला की पाय बंधाची (दुहेरी बंधातल्या दुसऱ्या बंधाची) जोडी ऑक्सिजनकडे सरकते आणि कार्बन नवी जोडी घेतो. उलट नायट्रोजन ट्रायफ्लोराइडकडे लोन पेअर असूनही ते बेस म्हणून फारच कमकुवत, फ्लोरिन सगळं स्वतःकडे ओढतो. सल्फर डायऑक्साइड तर दोन्हीकडून खेळतं, तेव्हा समोर कोण आहे ते बघूनच ठरवा.

आणि बोरिक आम्ल आलंच, तर नुसतं ‘एक’ लिहून सोडू नका. पाण्याचा रेणू घेऊन पूर्ण समीकरण लिहा. तरीही गुण कापले तर उत्तरपत्रिका घेऊन सरळ स्टाफरूममध्ये जा, आणि समीकरण तपासल्याशिवाय उठू नका.