पान पिवळे पडले, पण कोणते?

प्रश्न : आमच्या गच्चीवर कागदी लिंबाचे दोन वर्षांचे झाड मोठ्या कुंडीत आहे. माती शिरोळ तालुक्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या मळ्यातली, काळी आहे. पाणी बोअरचे घालतो. दोन महिन्यांपासून शेंड्याची पाने पिवळी येत आहेत. खत कमी पडले असेल असे समजून दोनदा युरिया दिला, पण फरक पडला नाही. सोबत छायाचित्र पाठवत आहे.
*— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर*

उत्तर : कृपया युरिया आता थांबवावा. आपल्या झाडाला नत्राची, म्हणजे युरियातून मिळणाऱ्या नायट्रोजनची, उणीव नाही आणि ते छायाचित्रातल्या पानांवरूनच कळते. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पालवीला पुरवते, त्यामुळे खालची जून पाने आधी आणि शिरांसकट सरसकट पिवळी होतात. आपल्या झाडाची खालची पाने गर्द हिरवी आहेत. पिवळेपणा फक्त शेंड्याला आहे आणि तिथेही फिकट, जवळजवळ पांढुरक्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी स्पष्ट उठून दिसते. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे, कारण लोह एकदा पानात बसले की तिथून हलत नाही आणि उपासमार कोवळ्या पानांच्याच वाट्याला येते.

आता मातीत लोह नाही का? बहुधा भरपूर असेल, पण ते मुळांना घेता येत नाही. शिरोळ भागातल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीयुक्त आणि क्षारपड आहेत. अशा मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) साडेसातच्या वर गेला की लोह अविद्राव्य रूपात अडकून पडते आणि त्यात बोअरचे जड पाणी भर घालते. कुंडीच्या काठावर आणि बाहेरच्या अंगाला पांढरी पूड साचली आहे का, ते पाहावे. कुंडीतली चमचाभर माती वाळवून तिच्यावर थोडे व्हिनेगर टाकावे. ती फसफसली तर चुनखडी आहे हे नक्की समजावे.

तात्पुरता उपाय म्हणून एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून, ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारावे आणि दर पंधरा दिवसांनी, असे दोन-तीन वेळा करावे. आधी एकाच फांदीवर फवारून दोन दिवस थांबणे चांगले, कारण कोवळे पान करपू शकते. आज पिवळी असलेली पाने पूर्ण हिरवी होतील अशी अपेक्षा ठेवू नये. नंतर येणारी पालवी कशी येते त्यावरून गुण ठरवावा. खरा इलाज मात्र मातीचा आहे. पुढच्या वेळी कुंडी बदलताना पन्हाळा-शाहूवाडीकडची तांबडी माती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी पिंपात धरून तेच घालावे आणि कुंडीच्या तळाचे भोक मोकळे आहे याची खात्री करावी. सतत ओल्या मातीत मुळे गुदमरली तरी पाने अशीच पिवळी पडतात आणि मग कोणतेही खत लागू होत नाही. माझे स्वतःचे एक लिंबाचे झाड मी हे भोक न तपासता खतावर खत घालून गमावले आहे, म्हणून इतक्या आग्रहाने लिहितो.

प्रश्न : मिरचीच्या रोपांची पाने निस्तेज होऊन त्यांवर सुईच्या टोकाएवढे पिवळे ठिपके आले आहेत. कोणते खत द्यावे?
*— एक वाचक, कळंबा*

उत्तर : कोणतेही नको. पानाखाली पांढरा कागद धरून फांदीला टिचकी मारावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले, तर ते कोळी नावाचे सूक्ष्म किडे आहेत. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ते झपाट्याने वाढतात आणि पानाच्या पाठीमागे बारीक जाळे विणतात. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी घालून फवारावे. पाने वळून चुरडली असतील, तर मात्र तो बोकड्या रोग असू शकतो. तो पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या विषाणूमुळे झाला असेल, तर त्यावर औषध नाही. असे रोप उपटून टाकावे, म्हणजे शेजारची रोपे वाचतात.