बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेल्या सॉफ्टवेअरने तुमच्या फाइली ताब्यात घेतल्यात?

घाबरू नका. फाइली जिथल्या तिथे आहेत. बदललंय ते फक्त चिन्ह आणि डबल-क्लिकवर उघडणारं सॉफ्टवेअर. कोणतं एक्स्टेन्शन (फाइलच्या नावात टिंबानंतर येणारा भाग, उदा. .docx) कशात उघडायचं याची नोंद विंडोज वेगळी ठेवतं.

बीटा लगेच काढून टाकायची घाई करू नका. आधी फाइलवर राइट-क्लिक करा, 'ओपन विथ'मधून 'चूज अनदर ॲप' घ्या, जुनं सॉफ्टवेअर निवडा आणि विंडोज ११ मध्ये 'ऑलवेज' दाबा. 'जस्ट वन्स' दाबलंत तर पुढच्या वेळी पुन्हा बीटाच उघडेल. आणि हो, प्रत्येक एक्स्टेन्शन स्वतंत्र असतं: डॉक्सएक्स बदललं म्हणून डॉक बदलत नाही. नवख्यांची गाडी हमखास इथेच अडते. बरीच एक्स्टेन्शन्स असतील तर सेटिंग्जमधल्या 'डीफॉल्ट ॲप्स'मध्ये जा.

मला खरी काळजी वाटते ती बीटात उघडून सेव्ह केलेल्या फाइलींची. त्या आज, आत्ताच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. तक्ते, तळटीपा नीट तपासा.

पुढच्या वेळी इन्स्टॉल करताना 'टिपिकल' नको, 'कस्टम' घ्या. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या फाइलींसाठी वेगवेगळ्या चौकटी असतात. त्यांतल्या टिकच्या खुणा काढून टाका, मगच 'नेक्स्ट' दाबा.