जुनी स्टील गिटार घेताना काय बघावं? (कोल्हापूर)

प्रश्न: मी कोल्हापुरात राहतो, स्पॅनिश गिटार वाजवतो. एकाकडे 1950 च्या दशकातली लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा दांडा म्हणजे 'बार' सरकवत वाजवायची गिटार) विकायला आहे. 85,000 म्हणतोय आणि 'सगळे पार्ट ओरिजिनल' असा दावा करतोय. ओरिजिनल आहे हे ओळखायचं कसं? आणि घ्यावी का?

उत्तर:

'सगळे पार्ट ओरिजिनल' वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या मेव्हण्याचं आजतागायत पटलेलं नाही.

ओरिजिनल आहे का हे नंतर बघू. आधी ती वाजते का ते बघा.

माझी गिटार जपानी आहे, गुयाटोन. शाहूपुरीत एका जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरी माळ्यावर पडून होती. व्हॅन शिप्ले, हझारा सिंग या गिटारवादकांच्या तबकड्या ऐकून वेडी झालेली ती पिढी. सिनेमाची गाणी शब्दांविना नुसत्या गिटारवर ऐकायला लोक तिकीट काढायचे, हे आज सांगितलं तर पोरं हसतात. वादक वारले होते. मुलाला गिटार विकायची होती, काकूंचं मन होईना. गिटारची पेटी खाली काढल्या काढल्या मुलानं मोबाईल पुढं केला. "नेटवर दीड लाखाला आहे ही." स्क्रीनवर होती नॅशनलची रेझोनेटर, पत्र्याच्या बॉडीची. 1927 च्या सुमाराला आलेला तो प्रकार. आत ॲल्युमिनियमचे कोन असतात, आवाज त्यातून निघतो, विजेचा संबंध नाही. आणि इथं पेटीत होती लाकडाची फळी, वर सहा तारा आणि एक पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत उतरवणारी चुंबक-कॉइलची जोडी. मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "मोटारीचा भाव बघून सायकल विकतोस होय रे?"

त्या माउलीमुळं पुढचं बोलणं सोपं झालं.

मी पहिल्यांदा पेटीचं अस्तर हुंगलं. हसू नका, कोल्हापुरात जुनं वाद्य घेणाऱ्यानं हे केलंच पाहिजे. 2019 च्या ऑगस्टातल्या महापुरात वस्तू कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर होती हे तोंडावर विचारा. 2021 चंही विचारा. भिजलेली फळी वाळवून वर पॉलिश मारलं की फोटोत ओळखू येत नाही, पण अस्तराचा कुबट वास जात नाही आणि बिजागरीच्या आतला गंज लपत नाही. यांची वस्तू दुसऱ्या मजल्याच्या माळ्यावर होती. धूळ भरपूर, गंज नाही.

मग मल्टिमीटर काढला. केबल गिटारच्या जॅकमध्ये, व्हॉल्यूम फुल, दुसऱ्या टोकाला मीटर. चांगल्या पिकअपचा आकडा साधारण 5 ते 10 किलोओहमच्या दरम्यान येतो, काही जुन्यांचा त्याहून कमीही असतो. इथं आला 500 किलोओहमच्या घरात. म्हणजे कॉइल तुटलेली होती आणि मीटर नुसतं व्हॉल्यूमचं पॉट, म्हणजे बटणाखालचा रेझिस्टर, मोजत होता. मुलाला दाखवलं. त्याला किलोओहम कळले नाहीत, पण माझ्या छोट्या अँपला जोडून तार छेडल्यावर काहीच ऐकू आलं नाही, ते कळलं. भाव तिथंच उतरला. किती ते लिहीत नाही, मेव्हणा हे वाचतो.

कॉइल पुन्हा भरून घ्यायला उद्यमनगरात गेलो. मोटार वाइंडिंगवाल्यानं तार चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेली. 42 गेजची, म्हणजे 0.06 मिलिमीटरच्या आसपास. "ह्याला तार म्हणायचं व्हय?" म्हणून परत दिली. शेवटी रिलेच्या कॉइली भरणारा एक जण तयार झाला. जुना बॉबिन, जुनं चुंबक, जुनं झाकण, सगळं जागच्या जागी ठेवून फक्त तार नवी भरली. त्याच फेरीत लेथवाल्याकडून बारही करून घेतला: स्टेनलेसचा दांडा, 19 मिलिमीटर जाड, 80 लांब, एक टोक गोल, वर आरशागत बफिंग. बाजारातल्या बारपेक्षा स्वस्त पडला आणि वजनाला मनासारखा. त्या संध्याकाळी गिटार बोलली. लाऊडस्पीकरच्या शेजारी वाढलेल्या आमच्या गल्लीतले दोघेतिघे दार ढकलून आत आले.

आठवड्याभरात मेव्हणा आला. पेचकस मागून घेतला, झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "दाजी, वाद्याची पार वाट लावली तुम्ही. किंमत निम्म्यावर आणली." याच्या स्वतःच्या हॉलमध्ये एक लॅप स्टील काचेच्या कपाटात उभी आहे. तारा गंजून तपकिरी झाल्यात, पण त्याही 'ओरिजिनल' म्हणून बदलायच्या नाहीत. पोरांनी हात लावायचा नाही. त्यानं स्वतः ती कधी वाजवल्याचं त्याच्या बायकोलाही आठवत नाही. मी विचारलं, मुकी कॉइल जपून मला काय मिळणार होतं? त्याचं उत्तर आजही 'तुम्हाला नाही कळायचं' एवढंच आहे.

आता तुमचं. ओळखायचं कसं, तर अमेरिकन गिटार असेल तर पॉटच्या पाठीवरचे आकडे वाचा. 304 नं सुरुवात असेल तर स्टॅकपोल कंपनी, 137 असेल तर सीटीएस. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. पण त्यावरून एवढंच कळतं की गिटार त्या तारखेच्या आधी पूर्ण झालेली नाही, तेही पॉट कुणी बदललं नसेल तर. जपानी मालाला हा हिशेब लागू नाही. स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचा झिजल्या असतील तर आत कुणाचा तरी हात गेलाय. जावा ना! सत्तर वर्षांत कुणीच हात न लावलेलं वाद्य म्हणजे सत्तर वर्षं कुणी न वाजवलेलं वाद्य.

खरी मेख ब्रिजमध्ये, म्हणजे खालच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीत असते, आणि तिकडं कुणी बघत नाही. स्टीलला फ्रेट, म्हणजे स्पॅनिशसारख्या धातूच्या उठावदार पट्ट्या, नसतात, नुसत्या रेघा असतात. नटपासून (वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या रेघेपर्यंतचं अंतर आणि तिथून ब्रिजपर्यंतचं अंतर सारखं पाहिजे. टेप लावून मोजा. ब्रिज कधी उखडून पुढंमागं बसवला असेल तर रेघा नुसत्या शोभेच्या, बार रेघेवर ठेवला तरी सूर बेसूर. फळी कडेनं डोळा लावून बघा, वाकलेली असेल तर नमस्कार करून उठा. बेकेलाइटची (जुनं कडक प्लास्टिक) असेल तर स्क्रूभोवतीच्या चिरा बघा. पॉट खरखरत असेल तर तो दोष धरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला की भागतं. भाव पाडायला मात्र जरूर वापरा. पेगा (तारा ताणायच्या खुंट्या) फिरवून तारा चढवून बघा. आपल्याकडचे बरेच जण जाड तारेकडून ई, ए, ई, ए, सी शार्प, ई असं लावतात. तुमच्या स्पॅनिशच्या सेटमधल्या तीन तारा त्यासाठी एकेक स्वर वर जातात आणि ताण वाढतो. जुनी पेग सरकणार असेल तर तिथंच सरकते.

लाकूडकाम निघालं तर मिरज जवळ आहे, पण तिथले कारागीर सतार-तंबोऱ्याचे. पिकअपचं काम त्यांच्या गळ्यात मारू नका.

मेव्हण्याची बाजूही सांगतो, नाहीतर फोन येईल: पाच वर्षांनी विकायचीच असेल तर त्याचं खरं आहे. नवी कॉइल दिसली की संग्राहक भाव पाडतात. तसा विचार असेल तर मला नका विचारू, त्याला विचारा.

आणि सोबत अँप मिळत असेल तर प्लग लावायची घाई करू नका. जपानमध्ये वीज 100 व्होल्टची, अमेरिकेत 120 च्या आसपास, आपली 230. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर नसेल तर पहिल्याच मिनिटाला धूर निघेल. दोन पिनांचा जुना प्लग असेल तर आधी अर्थिंग करून घ्या, कारण तुमच्या हातात लोखंडी बार आणि लोखंडी तारा असणार आहेत.

85,000 बद्दल: कंपनीचं नाव तुम्ही दिलेलं नाही. रिकनबॅकर किंवा नॅशनल असेल तर बोलणी करायला हरकत नाही, जपानी असेल तर हसून सोडून द्या. आणि विकणाऱ्याकडून उद्याच्या उद्या मागच्या बाजूचा फोटो, पिकअपच्या झाकणाखालचा फोटो आणि टेप लावून ब्रिजचं माप मागवा. तीनपैकी एकाला जरी "कशाला, विश्वास नाही का?" असं उत्तर आलं तर पुढचा फोन करू नका.