दारू सोडायला एकमेकांना मदत करणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या संघटनेची पहिली मीटिंग शोधताय?

घराजवळची किंवा ऑफिसवरून परतताना वाटेत पडणारीच मीटिंग निवडा. लांबची पावसाळ्यात हमखास बुडते. ठाण्यात राहत असाल आणि तिथल्या मीटिंगला ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल, तर ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीकडची गाठा. (आणि भेटलंच कुणी, तर तोही त्याच कारणाने आलेला असतो!)

एएच्या हेल्पलाइनला फोन करून वार-वेळ पक्की करा. जागा बऱ्याचदा चर्च नाहीतर शाळेतली एखादी खोली असते. धर्माचा संबंध नाही. फोनवर दोनच गोष्टी विचारा:

- मीटिंग मराठीत की हिंदीत?
- ओपन (कुणालाही येता येतं) की क्लोज्ड (फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी)? बायको किंवा भाऊ सोबत येणार असेल तर ओपनच हवी.

फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, बोलायची सक्तीही नाही. मागे बसून नुसतं ऐकलंत तरी चालतं.

बरेच नवखे एकाच मीटिंगवरून ‘हे आपलं काम नाही’ ठरवून मोकळे होतात. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा, चार-पाच ठिकाणी जाऊन बघा. बारा पायऱ्या (एएचा दारूमुक्तीचा कार्यक्रम), स्पॉन्सर (वाट दाखवणारा जुना सदस्य) वगैरे सध्या राहू द्या.

रोज भरपूर पीत असाल तर मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास लागतो, मराठीतही बोलता येतं.