2011 च्या जनगणनेत शिक्षकांनी शाळेत बसूनच आकडे भरले, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की 2011 ला घरी कुणी आल्याचं आठवत नाही, शिक्षक शाळेत बसून फॉर्म भरतात असं ऐकलंय, मग 2027 च्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि 2011 ला बीड जिल्ह्यात प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माणसं मोजणारी, होते. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

तुमच्याकडे कोण आलं होतं ते मी कसं सांगणार? घरातल्या एका जाणत्या माणसानं माहिती दिली की काम होतं, बाकीच्यांना पत्ताही नसतो. माझ्या गटाचं, म्हणजे मला मोजायला दिलेल्या घरांचं, मात्र सांगू शकते.

माणसं मोजायची होती 9 ते 28 फेब्रुवारीत. आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन निम्मी वस्ती दिवाळीच्या आसपासच कारखान्यांकडे गेलेली. नियम असा, की त्या वीस दिवसांत जो गावी फिरकलाच नाही त्याला गावात धरायचं नाही, तो उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, असेल तर तिथला प्रगणक मोजेल. शेजारच्या गटाचे एक सहकारी मला म्हणाले, "बाई, कुलूप दिसलं की बंद घर लिहा अन् पुढं चला." मला ते पटलं नाही. अख्खं घर कधीच जात नाही, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागं राहतात.

एका घरी तीनदा गेले. दोनदा बाहेरून कडी. तिसऱ्यांदा एक आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. मी विचारलं, घरात कोण कोण आहे? "कुनीच नाई बाई, समदी कारखान्याला गेल्यात." मी म्हटलं, आजी, तुम्ही आहात की. तर हसून म्हणाल्या, "मला म्हातारीला काय मोजतीस?"

कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं. म्हणून मी विचारलं, "सांजच्याला भाकरी किती थापता?" आजी म्हणाल्या, "पाच-सहा." एकट्या म्हाताऱ्या बाईला पाच-सहा भाकरी कशाला लागतात? मग एकेक बाहेर आलं. थोरली नात चौथीत, धाकटी दुसरीत, दोघी माझ्याच शाळेतल्या. आणि आत झोळीत दीड वर्षाची तिसरी निजलेली. "कुनीच नाई" म्हणालेल्या त्या घरात चार माणसं होती, चारही बायका.

मालकांचं नाव काही त्या आजींनी घेतलं नाही. मी आग्रह धरला नाही, कारण 1948 च्या जनगणना कायद्यातच लिहिलंय की रूढीनं नवऱ्याचं नाव घेत नसेल तर बाईवर ते सांगायची सक्ती नाही. थोरल्या नातीनं सांगितलं, मी लिहिलं. त्या दिवसापासून प्रत्येक दारात मी आधी भाकरी विचारल्या. माझ्या गटात अशी अकरा माणसं निघाली, जी पहिल्या उत्तरात नव्हतीच.

त्याच वर्षी तात्पुरते आकडे आले. बीड जिल्ह्यात 0 ते 6 वयाच्या हजार मुलग्यांमागे 801 मुली. 2001 ला 894 होत्या. माझे थोरले दीर, आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो, पेपर हातात घेऊन म्हणाले, "तुम्हा मास्तरांची मोजणी चुकली. माणसं ऊस तोडायला गेलेली, मुली राहून गेल्या असतील." हे ते आजही, प्रत्येक लग्नाकार्यात, चार पाहुण्यांसमोर म्हणतात.

भाऊजी, इथं लिहूनच सांगते. ऊसतोड कामगार लेकरं सोबत नेतात ती मुलगेही आणि मुलीही. गावातून दोन्ही कमी झाले, तर हजारामागे मुलींचाच आकडा एवढा कसा घसरेल? अंतिम आकडा आला तेव्हा 807 होता, म्हणजे फरक सहाचा. माझ्या शाळेत पुढच्या वर्षी पहिलीच्या पटावर 21 मुलगे आणि 14 मुली होत्या. त्यात कुठला प्रगणक होता? मुली मोजायच्या राहिल्या नाहीत, त्या जन्मूच दिल्या नाहीत. गर्भलिंग तपासणाऱ्यांना सोडून तुम्ही शिक्षकांना धरता, हे मला आजही सहन होत नाही.

आता तुमच्या बाजूचंही मान्य करते. शाळेत बसून फॉर्म भरणारे नव्हतेच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. तो सहकारी कुलूप बघून पुढं गेलाच होता. मोजणीनंतर काही निवडक गट पुन्हा तपासतात, त्यात 2011 ला देशभरात हजारी 23 माणसं सुटल्याचं निघालं. त्यात मुली थोड्या जास्त सुटल्या असतील, हेही शक्य आहे. त्या आजींच्या घरावरून मला तसं वाटतं. पण तेवढ्यानं 894 चे 807 होत नाहीत.

2027 ला मोजणी मोबाइलवर होणार आहे, जातही विचारणार आहेत आणि माहिती स्वतः भरायचीही सोय आहे. स्वतः भरलीत तर मिळणारा क्रमांक प्रगणक येईपर्यंत जपून ठेवा. घरातलं कुणी बाहेरगावी असेल तर ते नक्की कुठं मोजलं जाणार, हे आधी विचारून घ्या. 1 मार्चची मध्यरात्र हाच संदर्भ धरलाय, म्हणजे आमच्याकडे पुन्हा ऐन ऊसतोडीत मोजणी. तोवर माझी नोकरी आहे. काम आलं तर तोच गट मागून घेणार आहे.