आधी केस नंबर शोधा

कॅलिफोर्नियातल्या कोर्टातून एखाद्या केसचे कागद हवे आहेत? राज्यात 58 काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) आहेत आणि प्रत्येकीत एक सुपीरियर कोर्ट, म्हणजे खटले पहिल्यांदा चालतात ते कोर्ट. नावात काउंटी असली तरी हे कोर्ट राज्याचं. म्हणून घराचं खरेदीखत तिथे मागू नका, ते काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे मालमत्तेच्या नोंदी ठेवणाऱ्या काउंटीच्या कार्यालयात मिळतं. मी एक अख्खी सकाळ त्या चुकीच्या रांगेत घालवली आहे.

पक्षकाराच्या नावावरून केस नंबर काढा. आपली आडनावं दोन-तीन स्पेलिंगांनी टाकून बघा. कुलकर्णीच्या शेवटी 'आय' आहे की 'वाय', एवढ्यानेही केस सापडत नाही. मग 'रजिस्टर ऑफ अ‍ॅक्शन्स' नीट वाचा. कोणत्या तारखेला काय दाखल झालं, ते त्यात ओळीने असतं. हवा तेवढाच कागद मागा, साध्या प्रतीला पानामागे 50 सेंट पडतात.

दिवाणी कागद बऱ्याच ठिकाणी घरबसल्या दिसतात. फौजदारी आणि कौटुंबिक कागदांसाठी मात्र त्रयस्थाला सहसा कोर्टातल्या संगणकावरच बसावं लागतं. अल्पवयीनांची प्रकरणं गोपनीय.

घटस्फोटाचा निकाल भारतात दाखवायचा असेल तर प्रमाणित प्रतच घ्या आणि तिच्यावर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून जोडलेलं प्रमाणपत्र) करून घ्या. खिडकीवरचा कारकून कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही. त्यासाठी कोर्टातलंच सेल्फ-हेल्प सेंटर गाठा, तिथली मदत मोफत असते.